बारव वाचवायची तर आधी गट नंबर शोधा: गावातल्या जुन्या वास्तूला कायदेशीर संरक्षण कसं मिळवायचं

"आमच्या गावात हजार वर्षांचं देऊळ आहे, पण सरकारचं लक्षच नाही." असा फोन आला की मी आधी एकच विचारतो, गट नंबर काय? पलीकडे शांतता. देऊळ यादवांचं की शिलाहारांचं यावर तो माणूस अर्धा तास बोलेल. पण ते कोणत्या गटात उभं आहे आणि सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे, हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. कायद्याला मात्र नेमकं तेवढंच कळतं. राजपत्रातल्या अधिसूचनेत वास्तूचं नाव, गाव, नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा छापून येत नाही, तोवर सरकारदरबारी ती वास्तू म्हणजे दगडांचा ढीग. म्हणून हा लेख इतिहासाबद्दल कमी आणि कागदांबद्दल जास्त आहे.

आधी बघा, ती आधीच संरक्षित तर नाही ना

आपल्याकडे संरक्षणाची तीन घरं आहेत. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं केंद्राकडे असतात. त्यांना १९५८ चा प्राचीन स्मारकं व पुरातत्त्वीय स्थळं आणि अवशेष अधिनियम लागू होतो आणि कारभार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण पाहतं. उरलेल्यांपैकी राज्याला महत्त्वाची वाटतील ती १९६० च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जातात. तिसरं घर शहरांचं. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. त्यात वास्तूंना पहिली, दुसरी, तिसरी श्रेणी मिळते आणि त्यांना हात लावायचा तर वारसा समितीची परवानगी लागते. इतर शहरांतही विकास नियंत्रण नियमांतून अशा याद्या होतात.

जागतिक वारसा हा चौथा प्रकार नाही, ते मानाचं पान आहे. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यातले शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे आठ केंद्राकडे, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याकडे आहेत. म्हणजे राजगडाचा चिरा ढासळला तर केंद्राच्या कार्यालयात अर्ज देऊन काही उपयोग नाही. ते तो अर्ज राज्याकडे पाठवतील आणि तुमचे दोन महिने जातील.

महाराष्ट्रात केंद्राची मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर अशी मंडळं आहेत. राज्याचे सहायक संचालक पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि रत्नागिरी या विभागांत बसतात. दोघांच्याही जिल्हावार याद्या मिळतात. यादी वाचताना फक्त आजचं गाव शोधू नका. आम्ही ते केलं आणि फसलो. एका वाडीतल्या बारवेसाठी, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीसाठी, चार महिने राबून प्रस्ताव बांधला: मोजमापं, नकाशे, ठराव, सगळं. फाइल घेऊन कार्यालयात गेलो, तर तिथल्या लिपिकाने जुनी नोंदवही उघडून पानावर बोट ठेवलं. बारव आधीच संरक्षित होती. अधिसूचना निघाली तेव्हा ती वाडी स्वतंत्र महसुली गाव नव्हती, म्हणून नोंद मूळ गावाच्या नावावर. शिवाय नंबर जुना सर्व्हे नंबर. पुढे जमिनीचे तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि बारवेची ओळख कागदावरून पुसली गेली. सातबाऱ्यावर तिचा उल्लेखच नाही. बारव संरक्षित आहे हे ज्याच्या शेतात ती आहे त्यालाही ठाऊक नव्हतं.

हे फक्त खेड्यात होतं असं समजू नका. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात ९२ केंद्रीय संरक्षित स्मारकं जागेवर सापडत नसल्याचं निघालं. पुढच्या शोधात ४२ मिळाली. १४ वाढत्या शहरांनी गिळली होती, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली होती आणि २४ स्मारकांचा पत्ताच लागला नाही. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं हरवतात, तर आपल्या वाडीच्या बारवेचं काय!

तेव्हा यादीत नाव सापडो वा न सापडो, माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. राज्याच्या कार्यालयाला अर्ज करताना तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मजकूर साधा ठेवा:

"मौजे अमुक, ता. अमुक, जि. अमुक येथील जुना सर्व्हे नंबर अमुक / गट नंबर अमुक मधील बारव आपल्या अभिलेखात संरक्षित स्मारक म्हणून नोंदलेली आहे काय? असल्यास (१) प्राथमिक व अंतिम अधिसूचनेची, (२) अधिसूचनेसोबतच्या नकाशाची, (३) स्मारकाच्या हद्दीच्या मोजणीची साक्षांकित प्रत द्यावी."

"आपण या बारवेसाठी काय केलं?" असे प्रश्न या अर्जात घालू नका. माहितीच्या अधिकारात कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. तक्रारीसाठी वेगळं पत्र लिहा.

मालकीचे कागद

वास्तू शेतात असेल तर सातबारा, आठ-अ आणि गाव नकाशा काढा. गावठाणात असेल तर सातबारा मिळणार नाही. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि ड्रोनने मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक. शहरात सिटी सर्व्हेचा उतारा. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांची जोड दाखवणारा उतारा भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून काढावाच लागतो. तिथे दोन-तीन हेलपाटे धरूनच चला.

सातबारा हातात आला की मालकाचं नाव आणि "इतर हक्क" हा रकाना, दोन्ही नीट वाचा. पुढची वाट त्यावर ठरते. खासगी मालक असेल तर त्याच्याशी पहिलं बोलणं तुम्हीच करा, नोटीस येण्याआधी. देवस्थान इनामाची जमीन असेल तर तिच्या हस्तांतरणावर मुळातच निर्बंध असतात. नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय स्थावर मिळकत विकता येत नाही. हे कलम वास्तू संरक्षित नसतानाही कामी येतं, लक्षात ठेवा. वनखात्याची जमीन निघाली तर वनखात्याला पहिल्या पत्रापासून प्रत द्या, नाहीतर ऐनवेळी फाइल तिथे अडते.

इतिहासाच्या पुराव्यासाठी जिल्हा गॅझेटियर, गावातल्या जुन्या घराण्यांचे मोडी कागद आणि पुण्याचं पुराभिलेखागार हे ठरलेले दरवाजे. गॅझेटियरमधल्या दोन ओळीसुद्धा फार मोलाच्या असतात. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी वास्तू तिथे होती हे त्यातून सिद्ध होतं, आणि केंद्रीय कायद्याला प्राचीन स्मारक म्हणायला किमान १०० वर्षं लागतात. "पांडवांनी एका रात्रीत बांधलं" ही कथा प्रस्तावात जरूर लिहा, पण "लोकपरंपरा" या मथळ्याखाली. इतिहास म्हणून लिहिलीत तर पाहणीला येणारा अधिकारी तुमच्या मोजमापांवरही विश्वास ठेवणार नाही.

वास्तूची नोंद: इथे घाई करू नका

माझ्या मते सगळ्या प्रस्तावाचा जीव या भागात आहे. संरक्षण मिळेल तेव्हा मिळेल. आज केलेली नोंद मात्र उद्या दगड चोरीला गेला तर पोलिसांपुढे ठेवायचा एकमेव पुरावा असते.

बारवेचं उदाहरण घेऊ. काठावर उभं राहून चारही दिशांनी फोटो काढा, मग प्रत्येक टप्प्यावरून. प्रत्येक फोटोत मोजपट्टी किंवा किमान एक मीटरची रंगवलेली काठी हवी. माणूस उभा करून काढलेला फोटो आठवणीला ठीक, मोजमापाला कुचकामी. पायऱ्या मोजा, एकेका पायरीची उंची आणि रुंदी लिहा. भिंतीत देवकोष्ठं (मूर्तीसाठीचे कोनाडे) किती, त्यातली रिकामी किती, मूर्ती असलेली किती, ते कोष्ठ पूर्वेचं की दक्षिणेचं. मूर्तीची उंची, हातातली आयुधं, कुठे काय भंगलंय. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आहे आणि महिना कोणता. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा गेलात तर गाळात बुडालेल्या पायऱ्यांचा अंदाज येतो. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घ्या, पण ते कुठे उभं राहून घेतले तेही लिहा.

शिलालेख असेल तर दुपारी बाराला फोटो काढून हाती काही लागत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. ऊन पोचत नसेल तर रात्री जा आणि बॅटरीचा झोत बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून टाका. अक्षरं दिसावीत म्हणून त्यात चुना, कोळसा, पीठ, तेल, खडू काहीही भरू नका. शिलालेखाचा कागदावर छापा घेणं हे शिकलेल्या माणसाचं काम, तेही परवानगी असेल तरच.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, दिसली की लोकांना ती उचलून देवळापुढे ओळीने मांडण्याचा मोह होतो. हेतू चांगला, परिणाम वाईट. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य: हे दगड कुठेही नेला तरी वाचता येतं. पण तो वीर याच शिवेवर पडला, ही गोष्ट फक्त जागा सांगते. दगड हलवला की ती गेली. धोका असेल तरच हलवा. हलवण्याआधी जागेचे फोटो आणि अक्षांश-रेखांश घ्या, पंचनामा करून पाच जणांच्या सह्या घ्या. कोकणात गद्धेगाळ सापडतात त्यांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. दिलेलं दान जो मोडेल त्याला शिवी, असा तो दगड. जमिनीच्या दानाचं कायदेशीर संरक्षण त्या काळी असं दगडावर कोरून, त्याच हद्दीवर पुरून ठेवलेलं असे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना गट नंबराचं महत्त्व आपल्याहून जास्त कळत होतं म्हणायचं.

पांढरीची टेकाडं वास्तू म्हणून दिसत नाहीत, त्यामुळे ती सगळ्यात आधी जातात. जुन्या वस्तीची राखट माती शेतात टाकायला ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर नेली जाते. टेकाडाची उंची, कापलेल्या बाजूला दिसणारे थर, वर पडलेली खापरं यांचे फोटो घ्या. खापरं गोळा करू नका, उकरू तर मुळीच नका.

अर्ज

बहुतेक गावांनी राज्याकडे अर्ज करावा, असं माझं मत आहे. राष्ट्रीय महत्त्वाची कसोटी कडक आहे आणि तिथली यादी उलट तपासली जाते आहे. २०२४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने १८ स्मारकं यादीतून वगळण्याचं पाऊल उचललं. त्यात हरियाणातल्या मुजेसरचा कोस मिनार (जुन्या रस्त्यावरचा अंतर दाखवणारा मनोरा) आणि दिल्लीची बाराखंबा दफनभूमीही होती. अपवाद असतात. लेण्यांचा नवा समूह किंवा मोठा शिलालेख सापडला तर केंद्राच्या मंडळालाही कळवा.

अर्ज विभागाच्या सहायक संचालकांच्या नावे करायचा. प्रत संचालकांना, जिल्हाधिकाऱ्यांना, तहसीलदारांना. पत्र एक पानाचं, बाकी सगळं सोबत जोडून. पत्रात पहिल्या परिच्छेदात ठिकाण, गट नंबर, क्षेत्र आणि मालकी. दुसऱ्यात वास्तू काय आहे आणि किती जुनी, पुराव्यासह. तिसऱ्यात धोका: रस्ता रुंदीकरण, माती उचल, पडझड, जे असेल ते तारखेसह. शेवटी मागणी, एकाच वाक्यात: "सदर वास्तूची स्थळपाहणी करून ती राज्य संरक्षित स्मारक म्हणून घोषित करण्याचा प्रस्ताव सादर करावा, ही विनंती." महाराजांची थोरवी, गावाची शौर्यगाथा हे सगळं पत्रातून काढून टाका. वाचणारा ते रोज वाचतो.

सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. ठरावात गट नंबर, सूचक, अनुमोदक आणि तारीख हवी. "गावातील पुरातन वास्तूंचे जतन व्हावे" असा मोघम ठराव फाइलमध्ये पान वाढवतो, बाकी काही करत नाही. खासगी मालकाची लेखी संमती मिळाली तर अर्धं काम झालं. ती सक्तीची नसली तरी नंतरची कटकट वाचते. पत्राची पोच शिक्क्यासह घ्या, आवक क्रमांक टिपून ठेवा. पुढे प्रत्येक स्मरणपत्रात तो आवक क्रमांक लिहायचा. "मागे दिलेल्या अर्जाबाबत" असं लिहिलेलं स्मरणपत्र नवा अर्ज म्हणून दाखल होतं आणि तुम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला.

दोन महिन्यांची नोटीस, आणि गावातली कुजबूज

पाहणी होऊन प्रस्ताव वर गेला की सांस्कृतिक कार्य विभागाकडून प्राथमिक अधिसूचना निघते. तिची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावली जाते आणि दोन महिन्यांत हरकती मागवल्या जातात. हरकतींचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना. केंद्राचीही रीत हीच.

या दोन महिन्यांत गावात एक वाक्य फिरतं: "पुरातत्त्ववाले देऊळ ताब्यात घेणार, पूजा बंद करणार." याची तयारी आधीच ठेवा. संरक्षण आणि मालकी या वेगळ्या गोष्टी आहेत. मालक मालकच राहतो. केंद्रीय कायद्यात मालकाने लेखी करार करून सरकारला पालकत्व देण्याची सोय आहे आणि तेव्हाही मालकी हलत नाही. पूजास्थानाच्या बाबतीत तर कायद्याचं म्हणणं असं, की त्याचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी होऊ नये आणि त्याचं पावित्र्य जपलं जावं. चालू पूजा चालूच राहते. खिद्रापूरला कोपेश्वराची पूजा होते, अंबरनाथला महाशिवरात्रीची जत्रा भरते, आणि ही दोन्ही केंद्रीय संरक्षित स्मारकं आहेत. जाईल ते एवढंच: गाभाऱ्याला टाइल्स, शिखराला ऑइलपेंट आणि मंडपापुढे पत्र्याची शेड. गावातल्या काही मंडळींना नेमकं हेच हवं असतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ते लपवून संमती मिळवलीत तर पहिल्याच रंगकामाला भांडण होईल.

शेतकऱ्याची भीती वेगळी. पुरातत्त्वीय स्थळ म्हणून टेकाड किंवा शेत संरक्षित झालं, तर तिथे बांधकाम, खाणकाम, खोदकाम परवानगीशिवाय करता येत नाही. पण केंद्रीय कायद्याने शेतीला वाट ठेवली आहे: एक फुटापेक्षा खोल माती उकरली जात नसेल तर पीक घेता येतं. विहीर, शेततळं, खोल नांगरट नाही. ज्याची उपजीविका त्या तुकड्यावर आहे त्याला हे कलम छापून हातात द्या. तोंडी सांगितलेलं पटत नाही.

१०० मीटर, २०० मीटर

सर्वांत जास्त भांडणं इथे होतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या भोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र असतं. मोजताना लोक देवळाच्या भिंतीला टेप लावतात. ते चूक आहे. अंतर संरक्षित हद्दीपासून मोजायचं. किल्ल्याच्या बाबतीत ही हद्द तटाच्या बरीच बाहेर असू शकते, म्हणून सुरुवातीला नकाशाची प्रत मागायला सांगितली.

प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम नाही. तिथे १६ जून १९९२ पूर्वीची इमारत असेल, किंवा नंतर रीतसर परवानगीने बांधलेली असेल, तर दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. विनियमित क्षेत्रात नवं बांधकामही परवानगीने होतं. अर्ज आल्यापासून सक्षम प्राधिकाऱ्याने १५ दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस करायची आणि त्यानंतर एक महिन्यात निर्णय, अशी मुदत कायद्यातच आहे. अर्ज ऑनलाइन होतो. गटारं, सार्वजनिक शौचालयं, सार्वजनिक पाणीपुरवठा आणि वीजपुरवठ्याची कामं "बांधकाम" या व्याख्येत येत नाहीत. "पुरातत्त्वमुळे गावात नळ येत नाही" असं ग्रामपंचायत सांगत असेल तर हे वाक्य सभेत वाचून दाखवा.

हा नियम सरसकट आहे आणि त्याचा काच खरा आहे. पुण्यात शनिवारवाड्याच्या भोवतालच्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना विचारा. घर मोडकळीला आलेलं, आणि पाडून उंच बांधायची सोय नाही. आडरानातल्या लेण्याला आणि भर पेठेतल्या स्मारकाला एकच फूटपट्टी लावणं मला पटत नाही. स्मारकनिहाय वारसा उपविधी, म्हणजे त्या-त्या स्मारकाच्या भोवतालापुरते वेगळे नियम, करायची तरतूद याच कायद्यात आहे. आपल्या स्मारकाचा मसुदा हरकतींसाठी आला की रहिवाशांनी त्यावर मुदतीत लेखी म्हणणं मांडलं पाहिजे. मुदत संपल्यावरच्या मोर्चाने काही होत नाही.

एक सावधगिरी: हे १००-२०० मीटरचं गणित केंद्रीय स्मारकांचं आहे. राज्य संरक्षित स्मारकाभोवती नेमके कोणते निर्बंध आहेत ते सहायक संचालकांकडून लेखी घ्या. कुणाच्या ऐकीव माहितीवर घराचा पाया खणू नका, आणि शेजाऱ्याचा खणलेला थांबवायलाही जाऊ नका.

जेसीबी आला तर

संरक्षित स्मारक असेल तर काम सोपं. तारीख-वेळ दिसेल असा व्हिडिओ काढा, यंत्राचा नंबर टिपा, अधिसूचनेची प्रत घेऊन थेट पोलीस ठाणं. सोबत तहसीलदार आणि पुरातत्त्व कार्यालयाला त्याच तासाला ईमेल. केंद्रीय स्मारकाची नासधूस केली किंवा प्रतिबंधित क्षेत्रात बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. स्मारकाजवळच्या जुन्या निळ्या फलकावर अजून "तीन महिने, पाच हजार" असं दिसलं तर ती २०१० पूर्वीची शिक्षा आहे. ठेकेदार तो फलक दाखवून हसतो, तेव्हा नवी तरतूद खिशात असू द्या. यंत्रापुढे आडवे होऊ नका. मारामारी झाली की विषय वास्तूवरून तुमच्यावर येतो.

असंरक्षित वास्तूचं तसं नाही, पण हात अगदीच बांधलेले नाहीत. पांढरीची माती उचलली जात असेल तर गौण खनिजाचा परवाना विचारा. बहुतेक वेळा नसतो, आणि त्या मुद्द्यावर तहसीलदार त्याच दिवशी ट्रॅक्टर थांबवू शकतात. पुरातत्त्वाच्या नावाने सहा महिन्यांत जे झालं नाही ते असं एका दुपारीत झालेलं मी पाहिलं आहे. देवस्थानाची मिळकत असेल तर धर्मादाय कार्यालय, सरकारी कामाने धोका असेल तर कामाचा आराखडा मागवून त्यावर लेखी हरकत. आणि "सुशोभीकरण" हा शब्द कानावर आला की निविदा निघायच्या आधीच जागे व्हा. बारवेच्या काठावर सिमेंट, पेव्हर ब्लॉक आणि स्टीलचं रेलिंग याच शब्दाच्या वाटेने येतं. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा बसला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि दगड आतून सुटू लागतो.

खोदताना काही सापडलं तर काम थांबवा. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १० रुपये म्हणजे आज सगळंच आलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झुडपाची मुळं खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडली. ती भट्टीत न जाता सरकारजमा झाली म्हणून आज आपल्याला माहीत आहेत. १०० वर्षांहून जुनी मूर्ती ही १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरते. तिची नोंदणी करावी लागते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही.

अंतिम अधिसूचना हातात आल्यावर

इथे लोक पेढे वाटतात आणि थांबतात. आणखी तीन कामं आहेत. तहसीलदारांकडे अर्ज करून सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात संरक्षित स्मारकाची नोंद घ्यायला लावा आणि फेरफार क्रमांक लिहून ठेवा. जमीन विकत घेणारा राजपत्र वाचत नाही, सातबारा वाचतो. भूमी अभिलेखाकडून हद्दीची मोजणी करून खुणा रोवून घ्या. आणि अधिसूचना व नकाशाच्या प्रती ग्रामपंचायत, पोलीस पाटील आणि शाळा अशा तीन ठिकाणी ठेवा. देखभालीसाठी संस्था किंवा कंपनी पुढे येणार असेल तर राज्याची "महाराष्ट्र वैभव" संगोपन योजना आहे. तिच्यातही दुरुस्ती पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखालीच होते.

आमच्या त्या वाडीच्या बारवेची अधिसूचना आता ग्रामपंचायतीत टेबलाच्या काचेखाली असते. ग्रामसेवकाने तिच्यावर जुन्या सर्व्हे नंबराशेजारी लाल शाईने नवा गट नंबर लिहून ठेवला आहे.